शेवटच्या विमानाची काळजी

नेरूळच्या सोसायटीत आम्ही राहायला आलो, त्या दिवशी समोरच्या दारातून शमसुन्निसा मॅडम चहाची किटली घेऊन आल्या. मूळच्या श्रीवर्धनकडच्या. कॉलेजात गणित शिकवायच्या. नवरा शौकतभाई सौदीत, दम्मामला एका गोदामावर सुपरवायझर. इथे घरात त्या आणि मुलगी सिदरा. पंधरवडाभरात मी त्यांची 'जाई' झाले आणि त्या माझ्या शमसआपा.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत आखातात लढाई पेटली. दम्मामचा फोन लागेना. एकटीने बातम्या बघवत नाहीत म्हणून आपा संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसायच्या. एकदा टीव्हीवर एक मोठं टँकर विमान दाखवलं. त्याच्या शेपटीतून नळी लोंबत होती आणि एक लढाऊ विमान उडता उडताच तिच्यातून पेट्रोल घेत होतं. मागे आणखी विमानं ताटकळत होती. मी नळीकडेच बघत राहिले. आपा मागच्या विमानांकडे बघत होत्या.

"जाई, यात शेवटचा नंबर कुणाचा, हे कोण ठरवत असेल?"

"असेल कुणी साहेब."

"थांबलं तरी त्याचं पेट्रोल जळतंच आहे ना. आभाळात गाडी बाजूला लावून उभी करता येत नाही."

काही दिवसांनी शौकतभाईंचा फोन आला. आमच्याच घरी आला, कारण आपांकडे फोन नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "जेवता ना वेळेवर?" आणि रिसीव्हर ठेवल्यावर माझ्या स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडल्या.

लढाई संपली, पण तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच विषयावर पीएचडीला नाव घातलं. अनेक विमानं, एक टँकर, तर पेट्रोल कुठल्या क्रमाने द्यायचं, म्हणजे एकही पडणार नाही? प्राचार्यांनी विचारलं, आपल्या देशाकडे असं टँकर विमान आहे तरी का? "नाही सर. येईल तेव्हा येईल," आपा म्हणाल्या. बेलापूरला राहणाऱ्या निवृत्त प्राध्यापिका वैजयंतीबाई त्यांच्या मार्गदर्शक झाल्या. दर रविवारी आपा डब्यात सांदण घेऊन त्यांच्याकडे जायच्या.

दोन-तीन वर्षांनी प्रबंध टाइप होऊन आला. त्याचा मुख्य नियम कुणालाही पटेल असा होता. ज्याच्या टाकीतलं पेट्रोल सगळ्यांत लवकर संपणार, त्याचा नंबर आधी.

त्या मे महिन्यात शौकतभाई रजेवर आले होते. "इतकी वर्षं फोनवर विमानं विमानं ऐकतोय. एकदा मला समजाव तरी," ते म्हणाले. मग आपांनी आम्हाला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. वाट्या म्हणजे विमानं, मधला तांब्या म्हणजे टँकर. सिदरा घड्याळ धरून बसली. माझं विमान मोठं. मला चार मिनिटं थांबता येत होतं, पण भरायला आठ मिनिटं लागणार होती. शौकतभाईंचं लहान. ते पाच मिनिटं थांबू शकत होते आणि त्यांचं काम दोन मिनिटांचं होतं. नियमाप्रमाणे माझा नंबर आधी. मी भरत राहिले, आणि मधेच सिदराने जाहीर केलं, "अब्बा पडले."

शौकतभाईंनी वाटी पालथी घातली. मग जरा विचार करून म्हणाले, "शमसू, माझं तर दोनच मिनिटांचं काम होतं. मला आधी घेतलं असतं तर जाई पडली असती का?"

आपांनी दोन्ही वाट्यांची जागा बदलली आणि बोटांवर मोजलं. तसं केलं की दोघंही वाचत होतो. त्यांचा चेहरा उतरला. शौकतभाई घाबरून म्हणाले, "मी आपलं सहज बोललो. टाइप पण झालंय ना सगळं?"

"माझ्या नियमाने तुम्ही पडलात," आपा म्हणाल्या. "आता ते टाइप झालेलं घेऊन मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी त्या बेलापूरला गेल्या तेव्हा मी सोबत होते. वैजयंतीबाईंनी उदाहरण दोनदा तपासलं आणि चष्मा काढला. "हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं गं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनीच नवे कागद काढले.

आणखी दोन वर्षं गेली. नवा नियम असा निघाला की किती वेळ थांबता येईल आणि भरायला किती वेळ लागेल, या दोन्हींची बेरीज करायची. ज्याची बेरीज कमी, ते विमान आधी. सांगायला एक ओळ, पण ती सिद्ध करताना आपांचे केस पांढरे झाले. तोंडी परीक्षेला हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "घाबरलेला वैमानिक तुमच्या गणितात कुठे बसतो?"

"बसत नाही, सर," आपा म्हणाल्या. "तेवढं माझं गणित अपुरं आहे."

ते हसले. "तेही शेवटी लिहा," म्हणाले, आणि सही केली.

शौकतभाई आता कायमचे परत आले होते. त्यांनी हौसेने दारावर पितळी पाटी लावली, 'डॉ. शमसुन्निसा'. आठवडाही झाला नसेल, सारसोळ्याची कोळीण सत्यभामा मासळीची पाटी जिन्यात ठेवून दाराशी उभी राहिली.

"बाय, बोटान काटा रुतलाय. जरा बग ना."

आपांनी तिला खुर्चीत बसवलं, सुई तापवली आणि हलक्या हाताने काटा काढला. मग हळद लावता लावता म्हणाल्या, "मी औषधाची डॉक्टर नाही हं, सत्यभामा. विमानांचं गणित केलं, त्याची डॉक्टर."

सत्यभामाने बोट उलटसुलट करून पाहिलं. "असूं दे. काटा तं निंगाला," ती म्हणाली आणि पाटीतले चार बोंबील काढून आपांच्या ताटलीत ठेवले.