साक्षीसाठी शिवलेला शर्ट

“काकू, हा लिम्फोमा आहे,” डॉक्टर म्हणाले आणि मी तो शब्द वहीत लिहून घेतला. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्याची ही खोड. नवा शब्द कानावर पडला की हात आपोआप वहीकडे जातो. लिहून झाल्यावर मी विचारलं, म्हणजे काय? मान, काख, जांघ अशा ठिकाणी बारीक ग्रंथी असतात, त्या आपल्याला रोगांपासून राखतात. त्या ग्रंथींचाच हा कॅन्सर, असं त्यांनी समजावलं. कॅन्सर हा शब्द मात्र मला लिहिता आला नाही.

आमचे हे, म्हणजे योहान, शेजारच्या खुर्चीत बसले होते. माणूस मूळचा टेंभुर्णीकडचा. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात उभा जन्म माग दुरुस्त करण्यात गेला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मशीन दुरुस्त व्हण्यासारखी हाय का, सायेब?”

डॉक्टर हसले. “आहे की काका. पण काम अर्धवट सोडायचं नाही. सहा डोस म्हणजे सहा.”

“मी कुटलंच काम अर्धवट सोडत न्हाय,” हे म्हणाले.

गाठ प्रथम दाढी करताना लागली होती. डावीकडे, जबड्याखाली, हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती. दाढेमुळे असेल म्हणून मी कोमट तेल चोळत राहिले आणि त्यात दोन महिने गेले. हे वाचणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगते. न दुखणारी गाठ असली तर तेल बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

मग बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासतात ती. मग किमो सुरू झाली. सलाईनमधून औषध देतात, एक डोस झाला की तीन आठवडे थांबतात. केस गेले, तोंड आलं, भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी प्रार्थनेची वही घेऊन बसायची. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला संघाची मी चिटणीस. दर शुक्रवारी आमच्या बायकांनी यांच्यासाठी उपास धरला.

तिसऱ्या डोसनंतर डॉक्टरांनी मान दोन्ही अंगठ्यांनी चाचपली. गाठ हाताला लागेना. “छान प्रतिसाद आहे,” ते म्हणाले. “अजून तीन डोस राहिले.” पहिलं वाक्य मी काळजावर कोरून घेतलं आणि दुसरं तिथंच बाकावर ठेवून आले.

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी साक्षीची वेळ असते. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाची लेक सुखरूप बाळंत झालेली असते. माझा आवाज खणखणीत, वर्गात कधी छडी लागली नाही. मी साक्ष द्यायला उभी राहिले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प होत.

हे मला लाडानं आणि थोडं चिडवून बाई म्हणत. त्या शनिवारी म्हणाले, “बाई, सहा व्हऊ दे की, मग सांग.” मी म्हटलं, उपकार मानायला कसला मुहूर्त? आणि रविवारी उभी राहून सांगितलं की प्रभूनं माझ्या यजमानांना पूर्ण बरं केलं. पूर्ण, हा शब्द माझा होता. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते आणि प्रभूही माझ्या कानात तसं काही बोलला नव्हता.

लोक रडले. उपासना सुटल्यावर माणसं येऊन यांच्या मानेला हात लावून बघत होती. घरी आभाराची सभा ठरली. त्यासाठी नवी पेठेतून पांढरं कापड आणलं आणि यांना शर्ट शिवला. शिंप्यानं टेप गळ्याभोवती धरून माप घेतलं. हे चर्चला नेहमी गळ्याचं बटण लावून जात, म्हणून मी त्याला बजावलं, कॉलर अगदी मापात बसली पाहिजे.

चौथ्या डोसची तारीख नेमकी त्याच आठवड्यात आली. मी ती पुढं ढकलली. सभेला आलेल्या मंडळीतल्या एका बहिणीनं विचारलं की देवानं बरं केलंय तर आता सुया कशाला, हा अविश्वास नाही का? आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, दारात चपला घालता घालता म्हणाले, औषधही त्याच्याच हातचं आहे, डोस पुरे करा. मी दोघांनाही मान डोलावली आणि आपल्याला हवं ते धरलं. यांना विचारलं तर म्हणाले, तू म्हणशील तसं. दवाखान्यातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी सांगितलं की आम्ही गावाला गेलोय. फोन ठेवून मी महिला संघाच्या प्रार्थनेला गेले.

तीन महिने असे गेले. हे पहाटे उठून आपलं बनियन आपणच पिळून दोरीवर टाकू लागले. मला वाटलं, सोलापूरचा उन्हाळा, घाम येतोच. अर्धी भाकरी ताटात राहायला लागली, तेही उन्हाळ्यावर गेलं. ज्याला पाहायचंच नसतं त्याला उन्हाळा फार उपयोगी पडतो.

मग एका शनिवारी दुपारी मी तो पांढरा शर्ट इस्त्रीला घेतला. गळ्याचं बटण निळ्या दोऱ्यानं लावलेलं होतं. शिंप्याच्या चार बारीक टाक्यांची भोकं मूळ जागी दिसत होती, आणि बटण तिथून सरकवून पार कॉलरच्या टोकाशी आणलेलं होतं. टाके जाडजूड, पुरुषाच्या हातचे. मी इस्त्री उभी केली, बाहेर गेले आणि यांच्या मानेला हात लावला. डावीकडे तीन गाठी होत्या. उजवीकडे दोन.

“कधीपासून?”

“दीड महिना झाला आसंल.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू सगळ्यांम्होरं उभी राहून सांगितलं हुतंस. मी तुला मंडळीत खोटं पाडायचं व्हय?”

मी ओट्यापाशी जाऊन रडले. आजवर इतकं कधी रडले नव्हते. ज्या माणसानं एकही माग अर्धवट सोडला नाही, त्यानं माझ्या शब्दासाठी स्वतःचं काम अर्धवट ठेवलं होतं.

सोमवारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त फाईल चाळून विचारलं, चौथा डोस का चुकला? मी खरं ते सांगितलं, गावाला गेलो नव्हतो हेसुद्धा. पुन्हा बायोप्सी झाली. ते म्हणाले, “आता आधीच्या औषधानं भागणार नाही. जास्त कडक औषध देऊ. पण मी खात्री देत नाही.” आजार उलटल्याला ते रिलॅप्स म्हणतात. मी वहीत लिहिलं.

त्या आठवड्यात मी देवाशी बोलले नाही. तोंड कुठलं दाखवू? त्याच्या नावानं बरं झाल्याचं मीच जाहीर केलं होतं, आणि वर रागही त्याच्यावरच काढत होते. शेवटी कळलं की माझा विश्वास देवावर कमी आणि मी दिलेल्या साक्षीवर जास्त होता.

रविवारी साक्षीच्या वेळेला मी उभी राहिले. हे शेजारी बसले होते, गळ्याचं बटण उघडं होतं. मी म्हटलं, “मागं मी दिलेली साक्ष खरी नव्हती. यजमान बरे झालेले नाहीत. ते बरे झाले असं मी म्हटलं, म्हणून त्यांनी दुखणं लपवलं. आमच्यासाठी प्रार्थना करा.” माझा खणखणीत आवाज दुसऱ्या वाक्यालाच फुटला. कुणी आमेन म्हटलं नाही.

बाहेर चिंचेखाली एस्तेरमावशी थांबल्या होत्या. वय पंच्याहत्तर, मंडळीतल्या सगळ्यात जुन्या. लेकीचा मोडलेला संसार प्रभूनं सांधला म्हणून त्यांनी एकदा साक्ष दिली होती. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, “ती परत माघारी आलीया गं. दोन वरसं झाली. साक्ष दिली हुती, म्हणून कुणाला प्रार्थना करा म्हणता येईना.” त्या दिवशी आम्ही दोघी प्रथमच एकमेकींसाठी खरी प्रार्थना केली.

नवं औषध चार महिने चाललं. गाठी थोड्या ओसरायच्या आणि पुन्हा यायच्या. शेवटच्या आठवड्यात हे वॉर्डातच होते. एका सकाळी म्हणाले, “बाई, प्रार्थना कर.” मला शब्द सुचेनात. बरं कर म्हणायची लाज वाटत होती, आणि तुझी इच्छा पूर्ण होवो असं म्हणायचं धैर्य नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं.

“मग काय मागू नगंस,” हे म्हणाले. “नुसतं म्हण, हितं बस.”

मी डोळे मिटले आणि म्हटलं, प्रभू, इथं बस. पुढचे चार दिवस हीच एक प्रार्थना होती. पाचव्या दिवशी दुपारी, मी त्यांचे पाय चेपत असताना, ते गेले.

शवपेटीत ठेवताना बायकांनी नवा शर्ट काढला होता. मी तो पांढराच मागून घेतला. दिरांनी गळ्याचं बटण लावायचा प्रयत्न केला. निळ्या दोऱ्याचं ते बटण काजापर्यंत पोचेना. ओढून लावू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको, उघडंच राहू दे.

डोस पुरे झाले असते तर हे वाचले असते का, याचं उत्तर डॉक्टर देत नाहीत आणि देवही देत नाही. ते न मिळता जगणं मी शिकते आहे. देवावर भरवसा आहे का, असं कुणी विचारलं तर आता मी हो म्हणते, पण पूर्वीसारखं मोठ्यानं नाही. तुमच्या घरी असं दुखणं आलं तर प्रार्थना जरूर करा, डोसही पुरे करा आणि उत्तर आपल्या मनानं लिहून टाकू नका.

दफनानंतरच्या रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा मी उठले. “यजमान बरे झाले नाहीत,” मी म्हटलं. “प्रभू शेवटपर्यंत आमच्याजवळ बसला होता.” एवढंच बोलून मी खाली बसले. शेजारची जागा रिकामी होती. एस्तेरमावशी आपल्या बाकावरून उठल्या आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.