'थॉर्नवेल'चं बाहेरून लावलेलं कुलूप

मी नौदलात क्लिअरन्स डायव्हर होतो, पाण्याखालचे सुरुंग निकामी करणारा पाणबुड्या. चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. बायको केइको जपानमधल्या सेंदाईची, म्हणून नव्वदच्या दशकात तिकडे गेलो आणि एका सॅल्व्हेज कंपनीत नोकरी धरली. बुडालेलं लोखंड कापून वर पाठवायचं, एवढंच काम.

एका उन्हाळ्यात आम्हाला सेंदाईच्या उत्तरेला एका मच्छीमार गावासमोर पाठवलं. बंदराची वाट रुंद करायची होती आणि वाटेत 'थॉर्नवेल' पडली होती. ब्रिटिश मालवाहू आगबोट, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या उत्तरेत बांधलेली. कलकत्त्याहून ताग न्यायची, मिळेल तिथून कोळसा उचलायची. अधिकारी इंग्रज, डेकवरचे खलाशी मुंबईत भरती केलेले. पहिल्या महायुद्धाच्या आधी एका पहाटे धुक्यात ती खडकावर चढली आणि तासाभरात बुडाली.

कंपनीने लंडनहून त्या अपघाताच्या चौकशी अहवालाची प्रत मागवली होती. आमच्या कामाच्या बार्जवर इंग्रजी वाचणारा मी एकटाच. अहवालाप्रमाणे सगळे अधिकारी बचावले होते. कॅप्टनच्या शिस्तीची तारीफ होती. चौदा देशी खलाशी 'भीतीमुळे आपल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत'. मी ते खरं मानलं. शिक्का असलेल्या कागदावर विश्वास ठेवायची सवय नौदलात लागते.

रोजचा क्रम ठरलेला. 0530 चहा, 0615 ब्रीफिंग, 0700 पहिली डाइव्ह. पाण्याची खोली अठ्ठावीस मीटर, तळाशी पंचवीस मिनिटं; त्याहून जास्त राहिलं तर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन सांधे जातात.

नवव्या दिवशी 0710 ला मी बोटीच्या नाकाकडच्या खलाशांच्या खोलीशी पोचलो. दार बंद होतं. लोखंड गंजून पापुद्रे सुटलेले. कडीला पितळी कुलूप होतं, बाहेरून लावलेलं. मी ते हातात धरून पाहिलं. मग दार कापलं. आत गाळ आणि हाडं. खोलीभर पसरलेली नव्हती, सगळी दाराशी होती. त्यांत साखळीला अडकवलेली एक चांदीची शिट्टी सापडली. खलाशांच्या मुकादमाला सेरंग म्हणत, त्याची ती असणार.

शिट्टी होती तिथेच परत ठेवली. 

वर येऊन फोरमन सासाकी-सानना सांगितलं; 'सान' म्हणजे आपलं 'राव'. त्यांनी ऑफिसला फोन लावला. परत आले तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. पोलिसांना कळवलं तर काम थांबेल, असं ऑफिसचं म्हणणं. दुपारी क्रेनचा पंजा लावून नाकाकडचा भाग उचला, गाळासकट खोल समुद्रात टाका. मी विचारलं, हाडांचं काय? ते म्हणाले, ऑफिस हाडांबद्दल काही बोललं नाही.

आमच्याकडे एक नियम होता. पाण्यात डायव्हर असेल तर पंजा खाली जात नाही. 1140 ला मी कॅनव्हासच्या पिशव्या घेऊन उतरलो. ठरल्या वेळेला रेडिओवर सासाकी-सान आले.

"पंचवीस मिनिटं. वर या, सावंत-सान."

"नाही. सहा झाले. आठ बाकी."

"ऑफिस म्हणतंय, लगेच वर."

"ऑफिसला सांगा, खाली माणसं आहेत."

 ते हळू आवाजात म्हणाले, "हवा चालू ठेवतो. सावकाश करा."

एकावन्न मिनिटं झाली. चौदा कवट्या मिळाल्या. येताना टप्प्याटप्प्याने थांबत आलो, तरी डावा खांदा कायमचा गेला. नोकरी आठवड्यात गेली. तिचं काही वाटलं नाही.

पिशव्या सासाकी-साननी स्वतः गावातल्या देवळात पोचवल्या. पोलिसांना पुजाऱ्यांनीच कळवलं. केइको दुभाषी म्हणून आली. पुजाऱ्यांनी देवळाची जुनी वही काढली. त्यांच्या आजोबांनी लिहून ठेवलं होतं: धुकं उठल्यावर दोन होड्या किनाऱ्याला लागल्या, अकरा परदेशी माणसं, होड्या निम्म्या रिकाम्या. एकीत कुत्रा होता.

कुत्र्याचं वाक्य मी केइकोला पुन्हा सांगायला लावलं. मी आयुष्यभर अधिकाऱ्यांना सॅल्यूट केला. त्या कॅप्टनच्या शिस्तीची तारीफ आठवली की अजून तोंडात कडू पाणी येतं. होड्यांत गर्दी नको म्हणून चौदा माणसं कुलपात ठेवली, आणि कुत्र्याला जागा दिली.

पोलिसांची तपासणी झाल्यावर पुजारी दहन करणार होते. मी म्हणालो, मुंबईत भरती होणारे असे खलाशी बहुधा कोकणातले मुसलमान असत, पुरायला हवं. त्यांनी मान हलवली आणि टेकडीवर जागा दाखवली. फावडं सासाकी-साननीही धरलं.

पुढे केइकोने लंडनला पत्र लिहून खलाशांची यादी मिळवली. इंग्रज कारकुनाने कानाला येईल तशी लिहिलेली नावं मी सरळ करून घेतली. सेरंग इब्राहिम, बाणकोट. त्याच्या हाताखालचा दाऊद, हर्णै. हसन. युसुफ. दोन अब्दुल्ला. इस्माईल. आदम. कासम. उमर. सुलेमान. हुसेन. मूसा.

चौदाव्यापुढे नुसतं 'भंडारी' लिहिलंय, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. त्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं.