तीन पुस्तकं, एक जीप

ते प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे, आणि आठवलं की आधी हसूच येतं. माझ्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. अकोल्याजवळच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल उघडलं, तर त्यात एक जाड पाकीट निघालं. आत एक निनावी अर्ज आणि सोबत तीन पुस्तकांतल्या पानांच्या झेरॉक्स.

अर्जाचा मजकूर थोडक्यात असा : आपल्या हद्दीतल्या अमुक गावची मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली आहे. तिचा आजोबा एका जुन्या राजकीय हत्येच्या कटात सामील होता. पुरावा सोबत जोडला आहे. अशा घरात वर्दी देऊ नये.

त्या मुलीचा चारित्र्य पडताळणीचा कागद त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर आलेला होता. तिच्या स्वतःच्या नावावर काहीही नव्हतं. पण अर्जाची एक प्रत वरच्या कार्यालयातही गेली होती, त्यामुळे अभिप्राय देणं भाग होतं. ‘चौकशी सुरू आहे’ एवढं लिहून मी मोकळा झालो असतो, तर तिची तुकडी तिला मागे ठेवून प्रशिक्षणाला गेली असती. तिचं ते भरतीचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी वय बसत नव्हतं. हाताशी पंधरा दिवस होते.

ती हत्या मी नोकरीत येण्याच्या बऱ्याच आधीची. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला सभेहून परतताना गोळी घातली गेली. मारणारा सापडला, त्याला शिक्षा झाली. पण एवढा मोठा माणूस एका माथेफिरूच्या हातून जावा, हे लोकांच्या मनाला पटत नाही. त्यातून पुस्तकं निघतात. या पुस्तकांचं म्हणणं असं, की त्या दिवशी एक दुसरी जीप होती आणि तिच्यामागे मोठी माणसं होती. तिन्ही पुस्तकांत त्या आजोबांचं नाव गावासकट छापलेलं.

खरं सांगतो, मीही बिचकलो. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर कोणताही पोलीस बिचकेल. मी तिन्ही पुस्तकं विकत घेतली आणि शनिवारी अमरावतीला घरी नेली. आमच्या घरात खरी वाचक माझी पत्नी. तिला जाऊन आता दीड वर्ष झालं. तिच्या पेन्सिलीच्या खुणा त्या पुस्तकांत अजून आहेत. त्या बघत बघतच हे लिहितो आहे, म्हणून जरा वेळ लागतो.

तिचं माहेर अकोल्याच्या जुन्या शहरातलं. रविवारी दुपारपर्यंत तिन्ही पुस्तकं वाचून तिने चष्मा काढला आणि म्हणाली, “तिघांनीही आमचा भाजीबाजार मोर्णेच्या भलत्याच काठावर बसवलाय.”

एवढंच ना, असं मी म्हणालो.

“एवढंच कसं? खरी गोष्ट तिघांची सारखी असेल. चूक सारखी कशी असेल?”

बत्तीस वर्षं जबाब नोंदवणाऱ्या माणसाला ही गोष्ट सुचायला हवी होती. मग मी पुस्तकं छपाईच्या क्रमाने लावली. पहिल्यात एकच वाक्य होतं : जीप या इसमाच्या ताब्यात होती. दुसऱ्यात ती त्याने कडब्याखाली लपवली होती. तिसऱ्यात तो स्वतः ती चालवत होता, आणि मारेकऱ्याला म्हणत होता, “चला, आता विलंब करणे आपणांस परवडणार नाही.” वऱ्हाडातला भाजी पिकवणारा माणूस असं बोलेल, या कल्पनेनेच पत्नीला हसता हसता ठसका लागला.

म्हणजे साक्षीदार तीन नव्हते, एकच होता. तो पहिला लेखक अमरावतीतच राहत होता. संध्याकाळी मी साध्या कपड्यांत त्याच्याकडे गेलो. लेखक वयस्क, सरळ, कागद जपून ठेवणारा माणूस होता. त्याने न मागता फाईल काढून दाखवली. त्या वाक्यामागे एकच कागद होता : आमच्याच खात्याच्या जुन्या मुद्देमाल रजिस्टरच्या एका पानाची झेरॉक्स. त्या हत्येच्या गुन्ह्यातली जप्त वस्तू, जीप. नोंद क्रमांक. ‘सध्या कोणाच्या ताब्यात’ या रकान्यात आजोबांचं नाव.

तुम्ही त्यांना भेटलात का, असं मी विचारलं.

“कटातला माणूस भेटून काय कबूल करणार होता, साहेब?”

त्या रकान्याकडे पाहून माझ्या मनात काहीतरी हललं होतं, पण खात्री होईपर्यंत बोलायचं नाही ही जुनी सवय. पानाची एक प्रत घेऊन मी निघालो.

सोमवारी गावात गेलो. आजोबा वावरात सांबाराच्या जुड्या बांधत बसले होते. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. नात पाणी घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. अर्जाची कुणकुण तिला लागलेली होती. मी सरळ जीपबद्दल विचारलं.

“होती ना,” आजोबा म्हणाले. “याच वावरात होती. थ्या बोरीखाली.”

मुलीने तांब्या खाली ठेवला. जीप कोणी आणली, असं मी विचारलं.

“कोनं म्हंजे? तुमीच आनली. तुमच्या ठान्यानं. ढकलत आनली, साहेब, चाकंबी धड नोती.”

“तुम्ही चालवली कधी?”

“मले सायकल येत नाय. कोंबड्या बसत तिच्यात. अंडे मातर बरे भेटले.”

मग इतकी वर्षं हे कोणाला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. “कोनं इचारलंच नाय. तुमीच पयले.”

जप्त केलेल्या गाड्या ठेवायला ठाण्यात जागा नसते. मग त्या गावातल्या भरवशाच्या माणसाकडे लिहून देतात. कोर्ट मागेल तेव्हा त्याने त्या हजर करायच्या. याला सुपूर्तनामा म्हणतात. गावात शंभर घरं असतील तर पोलीस त्यातलं सगळ्यात विश्वासाचं घर निवडतात. लेखकाला ही पद्धत माहीत नव्हती. ज्या कागदावरून तो माणूस भला ठरत होता, त्याच कागदावरून त्याने त्याला कटात घेतलं होतं.

आजोबांनी घरातून एक फ्रेम आणली. आत तोच सुपूर्तनामा. त्यावर ‘विश्वासू व प्रतिष्ठित इसम’ असं लिहिलेलं, म्हणून त्यांनी तो काच लावून भिंतीवर टांगला होता. मला आनंद झाला, म्हणूनच मी लगेच विश्वास ठेवला नाही. आपल्याला हवा तसा कागद मिळाला की तो दोनदा तपासावा. लेखकाकडच्या पानावरचा नोंद क्रमांक फ्रेममधल्या कागदाशी ताडून पाहिला. तोच होता. पुढे कोर्टाच्या जुन्या अभिलेखातही तीच नोंद निघाली. बाराव्या दिवशी मी सगळी कागदपत्रं जोडून ‘नियुक्तीस हरकत नाही’ असा अहवाल पाठवला, आणि मुलगी आपल्या तुकडीबरोबर प्रशिक्षणाला गेली. अर्ज कोणी केला ते मी शोधलं नाही.

लेखकाला मात्र मी गावात घेऊन गेलो. तो माफी मागायला लागला तर आजोबांनी त्याला खाटेवर बसवलं आणि म्हणाले, “जिंदगीत येकच मोठं काम झालं होतं आपल्या हातून, असं लोकं म्हनून राहिले होते. थेबी तुमी काढून घेतलं.” लेखक आधी ओशाळला, मग मोकळा हसला. नवी आवृत्ती काढून त्यात जीपचं प्रकरण पुन्हा लिहायचं त्याने तिथेच ठरवलं.

मुलगी पहिल्या सुट्टीवर आली तेव्हा लेखक ते प्रकरण घेऊन आला. आम्ही दोघंही नवराबायको गेलो होतो. लेखक वाचत होता आणि आजोबा मध्ये मध्ये थांबवत होते. कोंबड्या पाच नाही, तीन. बोर होती, तुमी बाभूळ काहून लिहिलं. एकेक दुरुस्ती तो मुकाट्याने करत गेला. संपल्यावर नातीने त्याच्या हातातला पेन घेतला. ठाण्यात कोणाचाही जबाब लिहून झाला की खाली एक ओळ येते, ती तिला नुकतीच शिकवली होती. तिने ती वळणदार अक्षरात लिहिली : वाचून दाखविले, माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

“आबाजी, करा सही,” ती म्हणाली.

नोकरीत मी हजारो जबाबांखाली ही ओळ पाहिली, पण तिची किंमत मला त्या दिवशी कळली. आता कटाचं कोणतंही पुस्तक हातात आलं की मी त्यातली गुपितं बघत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या दारात लेखक कधी गेला होता का, हे आधी शोधतो. बहुतेक वेळा गेलेला नसतो.

नवी आवृत्ती निघाली. त्या प्रकरणाच्या शेवटी ती ओळ छापली आहे आणि खाली आजोबांची थरथरती सही. ज्याच्याविषयी लिहिलं त्याने वाचून सही केलेलं माझ्या माहितीतलं ते एकच पुस्तक आहे.