गॅलरी उघडली की पंख्याकडे

सयाजीगंजात माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. आसपास नुसती हॉस्टेलं. स्क्रू रोज हरवतात आणि किस्से रोज जमा होतात. नियम एकच: फोन गिऱ्हाइकासमोरच उघडायचा, पासवर्ड त्यानंच टाकायचा, आणि गॅलरी उघडलीच तर मी पंख्याकडे बघायचं. आमच्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावरचा डाग मला पाठ आहे!

*

एका इंजिनिअरिंगवाल्याच्या फोनला नवी काच बसवली. फोन चालू होताच त्यानं अख्खा पंजा स्क्रीनवर ठेवला. टच तपासायचा कसा? म्हटलं, "हात काढ बाबा, नाहीतर हातासकट काच बसवतो." काढला. वॉलपेपरवर एक साधीसुधी मुलगी, वर स्वेटर. हिला कशाला लपवतोस म्हटलं, तर म्हणे, "काका, ती तुमच्याच बिल्डिंगमध्ये राहते."

*

निलेशचं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या बायकोला म्हणून त्यानं आरशासमोर उघड्या अंगानं, दंड फुगवून फोटो काढला आणि पाठवला. ती लहरीपुऱ्यात वडिलांच्या साडीच्या दुकानात बसायची. तिचं व्हॉट्सॲप तिथल्या कॉम्प्युटरवर दिवसभर उघडंच असायचं. नेमकी ती जेवायला घरी गेलेली. कॉम्प्युटरपुढे सासरा, बाजूला शालू बघायला आलेल्या चार बायका! दोन मिनिटांत उत्तर आलं: "जावईबापू, सर्दी होईल. बनियन घाला."

निलेश धावत माझ्याकडे. डिलीट होईल ना, म्हणून विचारतोय. म्हटलं, फोटो होईल, सासऱ्यांच्या डोक्यातून कसा काढू? लग्नात आहेर म्हणून अर्धा डझन बनियन आले. बिचारा सासरी आजही मान खाली घालून जेवतो.

*

सगळेच असे हसून सुटत नाहीत. ऋचा बावीस वर्षांची, एम.ए.ला. चांगला चालणारा फोन काउंटरवर ठेवून म्हणाली, "काका, हा मोडून द्या." मोडून घ्यायला पहिल्यांदाच कुणी आलं! मग ती रडायलाच लागली. ज्याच्यावर विश्वास ठेवून एक फोटो पाठवला होता, तो ब्रेकअपनंतर आता सगळ्यांना पाठवीन म्हणून धमकावत होता. पंधरा दिवस पोरगी धड जेवली नव्हती, कॉलेजला गेली नव्हती.

फोन मोडून काय होणार, फोटो तर त्याच्याकडे. उलट त्याच्या धमक्या पुसू नकोस, पोलिसांना दाखवायला लागतील, असं मी सांगितलं. आणि घरी सांग म्हटलं. तर म्हणे, "बाबांना कळलं तर शिक्षण बंद." बाबा रिफायनरीत फोरमन. ते घरी असले की टीव्हीचा आवाजसुद्धा हळू.

शेवटी तिनं माझ्या दुकानातूनच आईला फोन लावला. तासाभरात आई पादरा गावाहून हजर. लेकीला एक शब्द बोलली नाही, नुसतं जवळ घेतलं. मग त्या पोराला फोन लावून शांतपणे म्हणाली, "मी तिची आई. तुझे सगळे मेसेज घेऊन आम्ही पोलिसांकडे निघालोय. तुझ्या आईला तू सांगतोस, की मी सांगू?"

त्यानं घाईघाईनं फोन ठेवला.

ऋचाचा जीव मात्र बाबांपाशीच अडकलेला. त्यांना कळलं तर काय, हेच ती परत परत विचारत होती. "बाबांचं मी बघते," आई म्हणाली. मग तिनं पर्समधून स्वतःचा फोन काढला आणि इकडेतिकडे बघत हळूच माझ्यापुढे सरकवला.

"भाऊ, माझ्या फोनलाही लॉक घालून द्या. मागच्या शटडाउनला, रिफायनरी दुरुस्तीला बंद होती तेव्हा, हिचे बाबा महिनाभर तिथल्याच क्वार्टरवर होते. तिथून काय काय पाठवलंय मला!"

मी पंख्याकडे बघितलं.