सांभाळणारे कोणी नाही

आमच्या पाटोदा तालुक्यात खोटं बोलता न येणारा माणूस एकच आहे आणि दुर्दैवानं तो माझा थोरला चुलतभाऊ आहे. दुर्दैव त्याचं, माझं नव्हे. खोटं न बोलणारे तसे पुष्कळ असतात, पण अडचण आली की ते गप्प बसतात. दादाला गप्प बसणंही जमत नाही. बाजारात बैल विकायला नेला की गिऱ्हाईक दात बघायच्या आत हा सांगून मोकळा होतो, "उजव्या डोळ्यानं कमी दिसतंय त्येला, आन चढ लागला की बसतोय." गिऱ्हाईक चक्रावतं. मालकच एवढं सांगतो तर न सांगितलेलं किती असेल, या धास्तीनं बैलाभोवती दोन फेऱ्या मारून पुढे सरकतं. तीन बाजार नेलेला तो बैल तिन्ही वेळा परत आला आणि शेवटी दादाच्याच दावणीला म्हातारा झाला. भावकीत सोयरिकीची बैठक असली की त्या दिवशी दादासाठी रानात हमखास काहीतरी तातडीचं काम निघतं. एकदा विमा उतरवणारा माणूस आला. "पूर्वी काही आजार?" असं त्यानं फॉर्मवरचं नुसतं वाचलं, तर दादानं सहावीतल्या खरजेपासून सुरुवात केली. गालगुंडापर्यंत आला तेव्हा त्या माणसानं पिशवी आवरली होती.

कागदावर मात्र त्याचा विलक्षण विश्वास. तोंडातून गेलेलं वाऱ्यावर जातं, कागदावरचं राहतं, असं तो म्हणतो. म्हणून कुठलाही कागद तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत वाचतो आणि मगच सही करतो. बँकेत तो दिसला की रांगेतली माणसं दुसऱ्या रांगेत जातात.

या माणसाकडून मी एक खोटा कागद करून घेतला. तेच सांगायला बसलो आहे.

मी आखातात एका बांधकाम कंपनीत सुपरवायझर आहे. वडील गेल्यावर आई गावी एकटी राहिली. एकटी म्हणायचं ते माझ्या बाजूनं. तिला नऊ वर्षं दादानं सांभाळलं. सकाळचं दूध, नळ येईल त्या दिवशी पाणी भरणं, दर महिन्याला पाटोद्याला नेऊन बीपी तपासणं, सगळं त्याच्याकडं. जेवायलाही तो बऱ्याचदा काकूकडंच, म्हणजे आईकडंच असायचा. मी पैसे पाठवायचो आणि दर शुक्रवारी फोन करायचो. मग कंपनीतले बरोबरीचे लोक आईवडिलांना तिकडं आणू लागले आणि मला आपण मागे पडल्यासारखं वाटू लागलं. आईला तिकडं येण्याची घाई नव्हती. घाई मला होती.

बायकोमुलांचा तिकडं राहण्याचा परवाना सोपा होता, आईचा कठीण. तिला भारतात सांभाळणारं दुसरं कोणी नाही, असं सिद्ध करायचं होतं. माझं प्रतिज्ञापत्र तर हवंच होतं. शिवाय तिकडं सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंगच्या दुकानातला माणूस म्हणाला, गावातल्या जवळच्या नातेवाइकाचंही जोडा, काम पक्कं होईल. मी पंधरा दिवसांची सुट्टी काढून आलो आणि दादाला मोटारसायकलवर बसवून पाटोद्याला, तहसीलच्या बाहेर बाँड टाइप करणाऱ्याकडं घेऊन गेलो.

कागद तयार झाला. दादानं बोट फिरवायला सुरुवात केली. 'सदर वृद्ध महिलेस भारतात सांभाळणारे कोणीही नाही' या ओळीवर बोट थांबलं. तिथून ते परत मागे गेलं, पुन्हा त्याच ओळीवर आलं.

"ह्यात मी कुठं हाय?"

"तू ह्यात न्हाईस, दादा. म्हणूनच तुझी सही लागतीय."

"मंग नऊ वर्षं मी काय केलं बे?"

टाइप करणारा मधे पडला. "मामा, लई इचार करू नका. सगळेच करतेत. कागदाला कागद लागतोय, बास."

"तुमी रोज करता, तुमाला सवय हाय," दादा त्याला म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "हे न्हाई दिलं तर काकूला तिकडं घेणार न्हाईत?"

"न्हाई घेणार."

तो उठून समोरच्या लिंबाखाली जाऊन उभा राहिला. टाइप करणाऱ्यानं तोवर दुसऱ्या दोघांचे बाँड केले. दादा परत आला, बसला आणि सही केली. नेहमीसारखी, पूर्ण नाव लिहून. आईनं त्या दिवशी दोघांसाठी पुरणपोळ्या केल्या होत्या. गावात शिरताच दादा गाडीवरून उतरला.

"तू जा जेवायला. मला आता येता यायचं न्हाई."

"कावून?"

"शपथ घिऊन आलो ना आताच. का इसरलास?"

मला वाटलं, रागानं बोलतोय. दोन दिवसांत निवळेल. मी तिकडं परत गेलो आणि मग आईचे फोन येऊ लागले. दादा घराची पायरी चढत नव्हता. दूध यायचं, पण ते पहाटे अंगणाच्या भिंतीवर ठेवलेलं असायचं आणि बाहेरून हाक यायची, "काकू, दूध ठिवलंय. कुणी ठिवलं इचारू नका." आई म्हणायची, "अरे येडा झालास का? आत ये." तो भिंतीपलीकडूनच म्हणायचा, "न्हाई काकू. तिकडचा साहेब तपासाया आला आन मी चुलीपाशी जेवत बसलेलो सापडलो तर?" सगळं गाव हसायचं. मीही कंपनीतल्या मित्रांना हे रंगवून सांगितलं, आणि तेही हसले.

पावसाळ्यात आईला ताप भरला. तिला पाटोद्याच्या दवाखान्यात त्यानंच नेलं. औषधांची नावं त्यानंच सांगितली. तिथल्या नर्सबाईंनी वहीत लिहिण्यासाठी विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

"कुणी न्हाई. रस्त्यानं चाललो होतो."

हे मला आईनं फोनवर सांगितलं. सांगताना ती रडत होती. "तू असला कसला कागद केलास रे? दोन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होता, पण खाटेपाशी आला न्हाई."

तो तापही उतरला. कागद शिक्के घेत घेत फिरले आणि सहा महिन्यांनी मी तिकडच्या परवान्याच्या कचेरीत खिडकीपाशी फाइल घेऊन उभा राहिलो. आतल्या मुलीनं एकेक पान उलटलं. दादाच्या कागदाशी आली, पिन काढली, तो एकच कागद बाजूला केला आणि काचेखालून माझ्याकडं सरकवला. "ये नहीं चाहिए." तिनं तो वाचलाही नाही. पुढच्या पानावर शिक्का मारला.

आई आता आमच्याकडं आहे. चौथ्या मजल्यावर राहते, नातवंडांत रमते, निदान रमल्यासारखं बोलते. तो कागद माझ्या कपाटात आहे. बायकोलाही मी तो दाखवलेला नाही.

यंदा उन्हाळ्यात आईला घेऊन गावी आलो. घर झाडून आम्ही टेकतो तोच दादा दाराशी येऊन उभा राहिला. दोन वर्षांत बराच वाळला होता.

"काकू, कार्ड निघालं का?"

आईनं बटव्यातून तिकडच्या परवान्याचं कार्ड काढून दिलं. त्यानं ते दोन्ही बाजूंनी न्याहाळलं, तिला परत केलं आणि मगच आत येऊन बसला. आईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथंच पदर डोळ्यांना लावला. ती चहा टाकायला उठल्यावर त्यानं मला हळूच विचारलं, "माझा कागद वाचला का रं साहेबांनी?"

खरं सांगायला तेवढीच एक वेळ होती.

"वाचला," मी म्हणालो. "नीट वाचला."

"मंग? काय म्हणले?"

"काई न्हाई. शिक्का मारला."



"म्हंजे खरं वाटलं त्येला," दादा म्हणाला.

आईनं चहाचा कप त्याच्यापुढे धरला होता. त्याचं लक्ष नव्हतं. ती तशीच कप धरून उभी राहिली, आणि मी उठून बाहेर गेलो.