बसऱ्याहून परतलेला गोपाळ आणि काकूंची शेगडी

एक आठवण काढली की तिच्या पदराला धरून दुसरी येते. आमच्या कल्याणच्या तुर्की क्लासचा विषय निघाला की मला आवरायला कुणीतरी लागतं. हसू नका, आम्ही खरंच तुर्की शिकत होतो. बसऱ्याहून खजूर आणणाऱ्या एका शेटना तिथल्या पेढीवर तुर्की जाणणारा कारकून हवा होता. शिकणारे दोघे, मी आणि गोपाळ, जागा एकच. शिकवायला मुन्शीजी, उभी हयात बसऱ्यात काढून आलेले.

*

मुन्शीजींचा दंडक असा, की शब्द डोळ्यांनी बघून शिकायचा. हळूहळू होणारा बदल तुर्कीत नाम दोनदा घेऊन सांगतात. ‘ग्युनदेन ग्युने’, दिवसापासून दिवसाकडे, आपलं दिवसेंदिवस. हे मला कळावं म्हणून त्यांनी एक कैरी अढीत घालायला लावली. रोज ती बघायची आणि म्हणायचं, ‘ग्युनदेन ग्युने पिवळी होतेय.’

एके दिवशी बघतो तर अढी रिकामी. मुन्शीजी हात धूत होते.

"बेटा, हा धडा संपला," ते म्हणाले.

*

शेटनी गोपाळला विचारलं, "तुर्की कितपत येतं?"

हा ऐटीत म्हणाला, "ग्युनदेन ग्युने सुधारतंय."

"सुधारू दे. पण स्टीमर एकाच दिवशी सुटते."

तरी जागा त्यालाच मिळाली. मी चांगला चार दिवस जळलो, खोटं कशाला बोलू?

*

समुद्र ओलांडला की माणूस बाटला, असा तो काळ. गोपाळची आई, आमच्या काकू, त्याच्याशी बोलेनाशाच झाल्या. निघायच्या दिवशी मात्र मेतकुटाचा डबा त्याच्यापुढे आदळला.

"तिकडे कुणाच्या हातचं खाऊ नकोस."

"आणि मेतकूट संपलं की?"

"की परत ये."

*

तो परत आला, पण घरात येऊ शकला नाही. जातीचे कर्ते भाऊसाहेब, ठाण्याच्या कचेरीत मोठं वजन असलेले. कोणतं प्रायश्चित्त द्यायचं यावर शास्त्र्यांचं एकमत होईना. तोवर गोपाळने ओटीवरच राहायचं, आत पाऊल टाकायचं नाही, असं भाऊसाहेबांनी बजावलं.

स्वैपाकघरातून ओटीवर पोचेपर्यंत भाकरी गार व्हायची. तो निमूट खायचा आणि काकू दाराआड डोळे पुसायच्या. मला म्हणाला, "अरे, बसऱ्यातसुद्धा आईची इतकी आठवण आली नव्हती, जितकी इथे बसून येते."

मग काकूंनी शेगडी माजघरात आणली. "आत धूर कोंडतो हो," म्हणाल्या. पुढे ती माजघराच्या दाराशी आली. मग उंबऱ्याला टेकली.

एका सकाळी मी तिथेच बसलो होतो आणि भाऊसाहेब अवचित आले. शेगडी ओटीवर, शेजारी गोपाळ, आणि तव्यावरची भाकरी थेट त्याच्या ताटात.

"वहिनी, मी काय बजावलं होतं?" भाऊसाहेब कडाडले.

काकूंनी पदर सारखा केला आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

"गोपाळ जागचा हललेला नाही, भाऊसाहेब. त्याला स्वैपाकघरात यायची बंदी तुम्ही केलीत. स्वैपाकघराला बाहेर यायची बंदी कुठे केली होतीत?"