कडीचं पाकीट

खंडेनवमीला मी सर्व्हरची पूजा केली. हळदकुंकू लावून थांबले असते तर आज लिहायला विषय नसता. पण अंधाऱ्या पडद्याची कसली पूजा, देव जागा नको का? म्हणून खणातलं सीलबंद पाकीट फोडलं, त्यातल्या मुख्य पासवर्डानं मशीन उघडलं आणि घरून आणलेला आरत्यांचा पेनड्राइव्ह त्यात खुपसला. मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी ऐटीत 'हो' दाबलं. मारुंजीजवळच्या त्या सुट्या भागांच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळायची. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि अक्कल यायलाही बहुधा तेवढीच.

पाकीट कडीचं होतं, अडीअडचणीला म्हणून तिनं माझ्याकडे ठेवलेलं. ती आमची सर्व्हर सांभाळणारी, कासारसाईची. कडी हे नाव आम्हीच ठेवलं, कारण आल्या आल्या तिनं सगळ्याला कड्या घातल्या. विनाकारण चालणारे प्रोग्राम बंद केले. सगळं ऑफिस एकाच पासवर्डवर चालायचं, तेही बंद. ज्याचा त्याला वेगळा. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या साहेबांचं खातं अजून चालू सापडलं. "मानूस घरी नातवंडं खेळवतोय आन त्याचं दार हितं उघडं," म्हणत तिनं ते पुसलं. पुण्याहून येणारी पोरं तिच्या बोलण्याला हसायची. ती हसू द्यायची, आणि त्यांनी नको तिथं हात घालू नये याची सोय करून ठेवायची.

मालकांना सूसच्या घरून थेट सर्व्हरवर यायचं असे. कडी म्हणाली, "वाट देते साहेब, पर दोन कुलपांची."

"कंपनी माझी आहे."

"म्हणून तर."

दर शुक्रवारी ती सगळ्या कागदपत्रांची नक्कल एका डिस्कवर घ्यायची, डिस्क सुटी करून फडक्यात गुंडाळायची आणि कपाटात ठेवायची. मी टोमणा मारला, "लोणच्याची बरणी आहे का ती?" ती म्हणाली, "तसंच समजा काकू. वल्ला चमचा गेला की संपलं."

ओला चमचा मीच घातला, आरत्यांबरोबर व्हायरसही आत सोडला. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर एकही ऑर्डर, एकही ड्रॉइंग उघडेना. पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आणि मशीनच्या कपाळावर माझं कुंकू. पुरावा शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही.

मालक पैसे मोजून मोकळं व्हायला निघाले होते. कडी म्हणाली, "एक रुपया न्हाई द्यायचा. दोन दिवस द्या." तिनं मशीन पार पुसलं, नव्यानं उभं केलं आणि कपाटातली बरणी उघडली. शुक्रवारनंतरचं तेवढं गेलं होतं. ते मी मान खाली घालून पुन्हा टाइप केलं.

मग मालकांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. "हे सगळं काकूंनी केलं, असं लिहून दे. त्यांना आजच घरी पाठवतो."

"मीच केलं," मी म्हणाले.

कडी उभीच होती. "लिहिते की. पर मग हेबी लिहिते, की पेनड्राइव्ह कायमचे बंद करायची परवानगी मी तीनदा मागितली आन तुमी तीनदा न्हाई म्हनालात. खाली सही माझी."

कागद काही लिहिला गेला नाही. पेनड्राइव्ह त्याच दुपारी बंद झाले आणि मी माझी दोन वर्षं पुरी केली.

त्या दोन वर्षांतच, पुढच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कडीनं नोकरी सोडली. मारुंजीतच गाळा घेऊन आजूबाजूच्या कारखान्यांच्या सर्व्हरना कड्या घालायला. मालकांनी बजावलं होतं की पाकीट आता दुसऱ्या कुणाकडे दे. तिनं नवं सीलबंद पाकीट सगळ्यांदेखत माझ्याच हातात ठेवलं आणि म्हणाली, "ज्यांनी एकदा फोडलंय त्यांच्याइतकं कुनी जपनार न्हाई. आन उद्या पूजा करा काकू, पर मशीन निजलेलं ऱ्हाऊ द्या. देवाला पासवर्ड लागत न्हाई."